ड्रंक अँड ड्राईव्हमध्ये लायसन्स सहा महिने बंद झालंय. परत मिळवताना नेमकं काय काय करावं लागतं?

घाटमाथा · १८ फेब्रुवारी २०२५, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज पहिल्यांदा आली.

७ डिसेंबरला मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पूजा आणि जेवणं दुपारी उरकली, रात्री आम्ही कॉलेजचे सहाजण गच्चीवर बसलो. साडेआठ ते अकरा. माझे तीन पेग झाले, मोठे. घर तिथून नऊ किलोमीटर. 'तू इथंच झोप' असं मित्राची बायको दोनदा म्हणाली होती, ते आता रोज आठवतं.

बायपासला नाकाबंदी होती. हवालदारांनी काच खाली घ्यायला लावली, मशीनला नवी नळी लावली आणि 'फुंका, थांबू नका, फुंकत राहा' म्हणाले. पावणेबारा वाजले होते. एसटीच्या तिकिटासारखी एक चिठ्ठी मशीनमधून बाहेर आली. तिच्यावर ६८ आकडा होता, मर्यादा ३०. गाडी ठाण्यात नेली, लायसन्स काढून घेतलं, सरकारी दवाखान्यात नेऊन रक्तही घेतलं. रात्री दीड वाजता वडील शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. वय ७१. पायजम्यावर स्वेटर आणि डोक्याला मफलर. कागदावर सही केली आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

१० जानेवारीला कोर्टात मी गुन्हा कबूल केला. दहा हजार दंड झाला आणि सहा महिने लायसन्स धारण करायला अपात्र ठरवलं. मला वाटलं विषय संपला. तर आता आरटीओची नोटीस आली आहे. 'आपला परवाना तीन महिने निलंबित का करू नये, ५ मार्चला म्हणणे मांडावे.'

आता माझे प्रश्न. ही शिक्षा एकच की दोन? सहा आणि तीन मिळून नऊ महिने होणार का? कार बंद आहे, पण मोटारसायकल चालवली तर चालेल का? आणि एक एजंट म्हणतोय, आठ हजार द्या, दुसऱ्या जिल्ह्यातून महिनाभरात नवीन लायसन्स काढून देतो. मी शेतीच्या औजारांची विक्री करतो, रोज शंभर किलोमीटर तालुक्यात फिरणं असतं. नोकरी जाईल या भीतीनं झोप लागत नाही.

नीलमोहर · १८ फेब्रुवारी, रात्री ११.१५

वाईट वाटलं वाचून. पुढच्या लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं का बघा. माझी ई-चलनं तिथं निम्म्यात मिटली होती.

कायदेवाली · १९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

नीलमोहर, तुमची चलनं तडजोडीची होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये जागेवर तडजोड होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे आणि कलम १८५, म्हणजे दारू पिऊन वाहन चालवणं, त्या यादीत नाही. त्यासाठी कोर्टातच जावं लागतं.

घाटमाथा, मी वकिली करते, पण तुमचे कागद पाहिलेले नाहीत. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तुमच्यापुढे दोन वेगळी दारं आहेत आणि बहुतेक लोक इथंच गोंधळतात. पहिलं कोर्टाचं. कलम २० प्रमाणे १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्ट किमान सहा महिने अपात्र ठरवतं. तुमचे सहा महिने तिथून आले. दुसरं दार परवाना अधिकाऱ्याचं, म्हणजे आरटीओचं. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम २०६ मध्ये अशी तरतूद झाली की १८५ सारख्या गुन्ह्यात पोलिसांनी लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवायचं. मग कलम १९ प्रमाणे अधिकारी तुमचं म्हणणं ऐकून एकतर तुम्हाला मोकळं करतात, नाहीतर कारणं लिहून पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र ठरवतात. दुसऱ्यांदा तेच घडलं तर परवाना रद्द.

म्हणून ५ मार्चला जा. पुष्कळ लोक नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून देतात आणि अधिकारी मग एकतर्फी आदेश काढतात. जाताना कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित नक्कल न्या, दंडाची पावती न्या. अर्धं पान पुरेल असा लेखी अर्ज द्या: गुन्हा कबूल केला आहे, कोर्टानं अमुक तारखेपासून सहा महिने अपात्र ठरवलं आहे, आपल्याला कारवाई करायची असल्यास मुदत त्याच काळात धरावी ही विनंती. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आदेश पटला नाही तर मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. कोर्टाच्या बाजूनं मात्र फारसा वाव नाही. गुन्हा कबूल केल्यावर अपील शिक्षेचं प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्यापुरतंच उरतं.

मोटारसायकलचं: कोर्ट एखाद्या विशिष्ट वर्गाच्या वाहनापुरतंही अपात्र ठरवू शकतं, पण तसं आदेशात लिहिलेलं असावं लागतं. तुमच्या आदेशात नुसतं 'परवाना' असेल तर सगळंच बंद. स्कूटरसुद्धा.

एजंटचं वाचून मात्र मला काळजी वाटली. लायसन्सची सगळी नोंद आता सारथी या सरकारी पोर्टलवर देशभर एकत्र आहे. अपात्र असताना, ते लपवून नवीन लायसन्स काढणं हाच कलम १८२ चा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, आणि असं काढलेलं लायसन्स मुळातच निरुपयोगी. अपात्र असताना गाडी चालवली तरी हेच कलम. शिवाय घरच्यांची गाडी घेतलीत तर ती देणाऱ्या मालकावर कलम १८० लागतं. तुमच्या वडिलांना पुन्हा ठाण्यात बोलावू नका.

घाटमाथा · १९ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

शेवटची ओळ वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. मोटारसायकलची चावी वडिलांच्या कपाटात ठेवायला दिली आहे. एजंटचा नंबर ब्लॉक केला.

बांधावरून · १९ फेब्रुवारी, दुपारी २.०५

माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. तो डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवायचा. चुलतभावाच्या हळदीला रात्री एक वाजेपर्यंत बसला आणि घरी येऊन झोपला. पहाटे पाचला उठला, आंघोळ केली, चहा घेतला, टेम्पो भरला. साडेसहाला पोलिसांनी थांबवलं. मशीनवर ४१. तो गयावया करत होता की साहेब, रात्री घेतली होती, आत्ता थेंब नाही. खरंच नव्हता. मशीनला काय त्याचं.

सहा महिने लायसन्स गेलं. मालकानं आठ दिवस वाट पाहिली आणि दुसरा ड्रायव्हर ठेवला. त्यालाही दोष देता येत नाही, दूध थांबत नाही. भाऊ आता दुसऱ्याच्या शेतावर जातो. रात्री प्यायलेली सकाळी धरतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं.

नाडीपरीक्षा · १९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

मी जिल्हा रुग्णालयात काम केलेला डॉक्टर आहे. बांधावरून यांनी जे लिहिलंय ते फार थोड्या लोकांना माहीत असतं, म्हणून आकड्यांत मांडतो.

आपल्याकडची मर्यादा १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. व्हिस्की, रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मिलीच्या मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषानं तो रिकाम्या पोटी घेतला तर रक्तातलं प्रमाण चाळीसच्या आसपास जाऊ शकतं. एका पेगातच मर्यादा ओलांडली. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यानं तेवढ्याच पेगानं आकडा आणखी वर जातो. बिअरला लोक हलकं समजतात, पण ६५० मिलीची साधी बाटली मोठ्या पेगापेक्षा जास्त आणि स्ट्राँग असेल तर जवळजवळ दोन पेगांच्या बरोबरीची.

आता उतरण्याचं. यकृत आपल्या चालीनं चालतं, तासाला १५ ते २० मिलिग्रॅम. घाटमाथा, तुमचंच गणित करतो. तीन मोठे पेग म्हणजे ६० ग्रॅम, वरचा आकडा सव्वाशेच्या घरात. पहिल्या पेगापासून सव्वातीन तासांत पंचावन्न-साठ उतरले. उरले पासष्ट-सत्तर. तुमच्या चिठ्ठीवर ६८. मशीननं काही चूक केलेली नाही.

टेम्पोवाल्या भावाचं रात्री एकला दीडशे धरा. साडेसहापर्यंत साडेपाच तासांत शंभर-एकशेदहा उतरले, चाळीसच्या वर उरलंच. ताक, लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ यातलं काहीही हा वेग वाढवत नाही. झोपेत तर माणसाला वाटतं सगळं उतरलं, कारण डोळे उघडल्यावर डोकं जड असलं तरी नशा जाणवत नाही. पहाटे कामावर निघणाऱ्यांनी घड्याळ शेवटच्या पेगापासून लावू नये. एकूण किती प्यायलो त्यावरून लावावं. शंभरचा आकडा असेल तर मर्यादेखाली यायलाच चार-पाच तास आणि शून्यावर यायला सहा-सात.

ओवी · २० फेब्रुवारी, दुपारी १२.३०

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

२०१९ मध्ये माझा मोठा भाऊ रात्रपाळी करून सायकलवर घरी येत होता. मागून गाडी आली. चालवणारा प्यायलेला होता. तेव्हा ३०४ अ खाली, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याची, केस झाली, त्यात जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची. तारखा पडत राहिल्या. भाऊ गेला त्याच महिन्यात तो माणूस आमच्याच भाजी मंडईबाहेर गाडी लावताना मला दिसला. गाडी तीच, पुढचा दिवा नवीन बसवलेला. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती तिथंच पडली.

घाटमाथा, तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तुम्ही नऊ किलोमीटरमध्ये कुणाला मारलं नाहीत, हे तुमचं नशीब आणि त्या रस्त्यावरच्या माणसाचंही. मला एवढंच म्हणायचंय की ते सहा महिने खरोखर पाळा. वहिनीला आजही वाटतं, त्या माणसाचं लायसन्स आधी कधी तरी गेलं असेल का आणि कुणी तरी आठ हजारांत परत दिलं असेल का. आम्हाला ते कधी कळणार नाही.

घाटमाथा · २० फेब्रुवारी, रात्री ११.५५

ओवीताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. मी पाळीन. दुसरं काही लिहायला सुचत नाही.

थेम्सकाठ · २१ फेब्रुवारी, पहाटे ३.१०

इंग्लंडमध्ये राहतो, इथली पद्धत सांगतो. तुलना केली तर आपल्याकडचे सहा महिने जास्त वाटणार नाहीत.

२०१८ मध्ये मी पकडलो गेलो. इथली मर्यादा आपल्यापेक्षा ढिली, रक्तात ८०. पण एकदा ओलांडली की किमान बारा महिने बंदी, न्यायाधीशांपुढे हात जोडून उपयोग नाही. कोर्टानं सुचवलेला पुनर्वसनाचा कोर्स पूर्ण केला तर मुदत पाव हिश्श्यानं घटते. माझे नऊ महिने झाले. मर्यादेच्या अडीचपट आकडा आला, दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडलात किंवा फुंकायलाच नकार दिलात तर तुम्ही जास्त जोखमीचे ठरता. मग मुदत संपली तरी त्यांच्या डॉक्टरकडून रक्ततपासणी होऊन दारूची सवय उरलेली नाही असं दिसेपर्यंत लायसन्स मिळत नाही. लायसन्सवर डीआर १० हा दारू पिऊन गाडी चालवल्याचा शिक्का अकरा वर्षं राहतो. विमा कंपन्या पाच वर्षं विचारतात आणि हप्ता असा वाढवतात की दोन वर्षं मी गाडीच घेतली नाही.

त्या कोर्समध्ये आम्हाला एक वही दिली होती, आठवडाभर जे जे प्यायलो ते लिहायला. मी स्वतःला शनिवारी पिणारा समजत होतो. वहीत पाच वार भरले.

परतीची वाट · २१ फेब्रुवारी, सकाळी १०.००

अवांतर वाटेल, पण नोकरीसाठी परदेशी जायचा विचार असणाऱ्यांनी वाचावं. अमेरिकेच्या व्हिसाला अटकेबद्दल विचारतात. मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल तर वैद्यकीय तपासणीला पाठवू शकतात. खरं लिहा आणि कोर्टाचे कागद जोडा. पासपोर्टसाठीसुद्धा कोर्टात केस चालू असेल तर ती सांगावी लागते. निकाल लागून दंड भरलेला असेल तर त्याची नक्कल जपून ठेवा.

उंबरठा · २३ फेब्रुवारी, रात्री १२.४०

माझा प्रश्न उलटा आहे. लायसन्स परत मिळू नये असं वाटणाऱ्या बाईनं काय करायचं?

माझ्या नवऱ्याला २०२२ मध्ये पहिल्यांदा पकडलं, मागच्या वर्षी मे महिन्यात दुसऱ्यांदा. दुसऱ्या वेळी पंधरा हजार दंड झाला, लायसन्स रद्द झालं. ते पत्र घरी आलं तेव्हा ते ओट्याशेजारी उभे राहून वाचत होते आणि मी पोळ्या लाटत होते. त्यांचा चेहरा पडला आणि मला एवढं हलकं वाटलं की लाटणं हातातून सुटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्याआधी आठ वर्षं मी गाडीची चावी लपवायचे. तांदळाच्या डब्यात, मुलाच्या जुन्या दप्तरात, देवघराच्या मागे. तांदळात घातलेली चावी हाताला पिठूळ लागते. ते शोधायचे, मी नाही म्हणायचे, मुलगा दुसऱ्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून ऐकत बसायचा. रात्री साडेदहानंतर फाटक वाजलं की आधी गाडीचा आवाज सरळ येतो का ते ऐकायचे आणि मग दार उघडायचे.

लायसन्स गेल्यापासून ते बसनं जातात. पिणं थांबलेलं नाही, पण कमी झालंय, कारण शेवटची बस सव्वानऊची आहे. आता मुदत संपत आलीय. परवा त्यांनी फॉर्म पुढ्यात ठेवला, 'तू भरून दे, तुला ऑनलाईन येतं'. पुन्हा शिकाऊ परवान्यापासून सुरुवात आहे. मी म्हटलं, उद्या बघू. रोज उद्या बघू म्हणतेय. भरला तर मीच त्यांच्या हातात चावी दिल्यासारखं. नाही भरला तर घरात काय होईल ते मला माहीत आहे. ओवीताई, तुमचं वाचल्यापासून झोप नाही.

कायदेवाली · २३ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

ताई, कायद्यापुरतं सांगते. हा अर्ज त्यांचा आहे, तो भरून देण्याची जबाबदारी तुमच्यावर कुठलाही कायदा टाकत नाही. ते चाळीशीच्या पुढचे असतील तर डॉक्टरच्या सहीचं फॉर्म १ अ प्रमाणपत्र लागतं. त्या डॉक्टरांना खरी परिस्थिती सांगणं गैर नाही. कलम १९ मध्ये पहिलंच कारण सवयीचा गुन्हेगार किंवा सवयीचा मद्यपी असल्याचं आहे, त्यावरून अधिकारी परवाना नाकारू शकतात. फॉर्मवरून घरात हात उगारला जात असेल तर ११२ लावा किंवा महिलांसाठीचा १८१ लावा. त्यासाठी आणखी एक 'उद्या' काढू नका.

नऊ वर्षं · २३ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

उंबरठाताई, मी तुमच्या नवऱ्याच्या जागेवरचा माणूस आहे. नऊ वर्षं झाली, प्यायलो नाही.

माझी बायकोसुद्धा चावी लपवायची. तिची जागा कणकेचा डबा. मला ती सापडायची आणि सापडली की मी जिंकल्यासारखा निघायचो. लपवणाऱ्याला वाटतं आपण अडवतोय, पिणाऱ्याला तो खेळ वाटतो. हे मला बरं झाल्यावर कळलं, तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. मी तिथं राहून आलो. त्या दिवसांनी दारू सुटते असं कुणी तिथं म्हणत नाही, पण बाहेर आल्यावर कुठं जायचं हे माहीत असतं. पहिली दोन वर्षं मी जवळजवळ रोज अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगला बसलो. मला आज तुमची जास्त काळजी वाटते. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात, तिथं नवरा आला नाही तरी बायकोला एकटीला जाता येतं. नाव सांगावं लागत नाही, पैसे नाहीत. माझी बायको माझ्या आधी पाच महिने तिथं जात होती.

फॉर्मबद्दल माझ्या बायकोनं जे केलं ते सांगतो. तिनं कागद परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, 'मी भरणार नाही आणि लपवणारही नाही. तुम्ही एक वर्ष न पिता काढा, मग दोघं बसून भरू.' मी चिडलो, ताट ढकललं, निघून गेलो. पण तो कागद टेबलावर तसाच राहिला, कुणी हलवला नाही.

उंबरठा · २३ फेब्रुवारी, दुपारी ४.५०

मारहाण नाही, कायदेवालीताई. आवाज असतो. ११२ आणि १८१ लिहून ठेवले.

अल-अनॉनची मीटिंग शोधते.

घाटमाथा · ९ मार्च २०२५, रात्री ९.१०

५ मार्चला सुनावणी झाली. कायदेवालीताईंनी सांगितलं तसा अर्ज नेला होता. अधिकाऱ्यांनी कोर्टाचा आदेश वाचला आणि विचारलं, 'काही म्हणायचंय?' मी म्हटलं, चूक झाली, मुदत एकत्र धरा एवढंच. ५ मार्चपासून तीन महिन्यांचा आदेश निघाला, म्हणजे ५ जून. कोर्टाची मुदत १० जुलैला संपते, ती नंतरची, तेव्हा खरी तारीख ती.

नोकरीचं सांगायचं राहिलं. मालकाला स्वतःहून सांगितलं. त्यांनी काढलं नाही, पण प्रवासभत्ता बंद केला आणि म्हणाले, विक्री कमी झाली तर पुन्हा बोलू. आता एसटीनं फिरतो. सकाळची ६.२० ची गाडी धरली की नऊपर्यंत दोन गावं होतात. स्टँडपासून वाडीपर्यंत कुणी ना कुणी शेतकरी मोटारसायकलवर मागे घेतो. पेरणीयंत्राचा एक कप्पी-साखळीचा संच खांद्यावरच्या पिशवीत ठेवतो, तेवढा दाखवायला पुरतो. लोक विचारतात गाडी कुठं गेली. पहिला महिना 'गॅरेजला आहे' म्हणायचो. आता खरं सांगतो. एका शेतकऱ्यानं ऐकून घेतलं आणि घरातून मुलाला बाहेर बोलावलं, 'हे काय सांगतायत ते ऐक' म्हणून. मला कसंतरी झालं, पण सांगितलं.

घाटमाथा · २४ जुलै २०२५, रात्री १०.२५

लायसन्स परत मिळालं. पुढच्यांना उपयोग व्हावा म्हणून क्रमानं लिहितो.

मुदत संपली की लायसन्स आपोआप हातात येतं असं मी समजत होतो. तसं नाही. कलम १९ मध्ये आता स्पष्ट आहे की निलंबित लायसन्स रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परत द्यायचं. मी ते जूनमध्येच उरकलं. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आम्ही अकराजण होतो, त्यात दोघं ट्रकवाले, एक कॉलेजचा मुलगा, एक माझ्या वडिलांच्या वयाचे.

प्रशिक्षकांनी आम्हाला मैदानात नेलं. खडूनं एक रेघ मारली आणि म्हणाले, साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. मग त्या रेघेपासून टेपनं सतरा मीटर मोजले आणि तिथं दुसरी रेघ मारली. 'प्यायलेल्या माणसाचा पाय ब्रेकवर एक सेकंद उशिरा पोचला तर गाडी इथं असते.' दोन रेघांच्या मध्ये आम्ही अकराजण ओळीनं उभे राहिलो तरी जागा उरली. मला ओवीताईंचा भाऊ आठवला. सायकल किती लांबीची असते, याचाच विचार डोक्यात चालू होता.

१० जुलै उलटल्यावर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, दोन्ही आदेशांच्या नकला आणि दंडाची पावती घेऊन अर्ज दिला. एका खेपेत झालं नाही. कोर्टाच्या आदेशाची साधी झेरॉक्स चालली नाही, प्रमाणित नक्कल मागितली. माझ्याकडची पहिली प्रत ५ मार्चला दिलेल्या अर्जाला लावली होती. म्हणून सुरुवातीलाच दोन प्रती काढून ठेवा. कार्ड हातात आलं तरी सारथीवर 'सस्पेंडेड' दिसत होतं. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, तिथं बदलेपर्यंत गाडी काढू नका. चार दिवसांनी बदललं, तोवर एसटीनंच गेलो.

पहिल्यांदा गाडी काढली तेव्हा वडील शेजारी येऊन बसले, न बोलावता. बाजारापर्यंत जाऊन आलो. येताना त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, 'पाऊस चांगला लागलाय यंदा.' डिसेंबरपासून गाडीत बसून ते माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

मी पिणं सोडलंय असं लिहीत नाही, कारण शब्द देऊन मोडलेले लोक मी पाहिलेत. सात महिने घेतलेली नाही. गच्चीवरची मंडळी परवा पुन्हा जमली होती. मी जेवून साडेनऊला एसटीनं घरी आलो.

ओवी · २५ जुलै, सकाळी ९.००

सगळं वाचलं. वहिनीलाही वाचायला दिलं. ती म्हणाली, त्यांना सांग, वाचलं म्हणून.

उंबरठा · २७ जुलै, रात्री ११.००

मी अल-अनॉनला जाते, गुरुवारी. हे अजून आलेले नाहीत कुठं. फॉर्म टीव्हीच्या खाली आहे, मी भरला नाही. त्यांनीही भरला नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, 'गुरुवारी कुठं जातेस?' मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण त्या गुरुवारी मुलाला जेवायला त्यांनी वाढलं.

पाणंद · २ ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

नवीन सदस्य. मला काल रात्री पकडलंय, ५२ आलं. धागा पूर्ण वाचला. कोर्टाची तारीख अजून मिळालेली नाही. आत्ता, आज, नेमकं काय करू?

घाटमाथा · २ ऑगस्ट, सायंकाळी ७.२०

मशीनची चिठ्ठी जवळ असेल तर आज रात्रीच तिची झेरॉक्स काढा. तिचा कागद तिकिटासारखा असतो, महिन्याभरात अक्षरं उडतात. माझी कोरी झाली होती. लायसन्स काढून घेतल्याची पावती पोलिसांनी दिली असेल तर ती वेगळ्या पाकिटात ठेवा. गाडी सोडवून आणायला लायसन्स असलेला माणूस न्या, स्वतः चालवत आणू नका. घरी अजून सांगितलं नसेल तर आरटीओचं पत्र यायच्या आधी सांगा. तारीख मिळाली की इथं लिहा, मी रोज बघतो.